पंखे राहू द्या, आठ-अ आणा

प्रश्न असा आला होता : "नाशिकमध्ये पंधरा वर्षं प्लॉटिंग केलं, चार पैसे गाठीला आहेत. परदेशातल्या एका माणसाने जमिनी-इमारतींत पैसा कमावला आणि पुढचं आयुष्य तुरुंग सुधारणेला दिलं, असं वाचलं. ते डोक्यातून जात नाही. माझे वडील जमिनीच्या एका भांडणात अडीच महिने आत होते, ते कारणही असेल. कैद्यांच्या बराकीत पंखे, टीव्ही, ब्लँकेटं द्यावीत असं मनात आहे. तुम्ही याच धंद्यातले आणि बरीच वर्षं हे काम करताय. सुरुवात कुठून करू?"

पंखे राहू द्या. पंखा वाईट नाही. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. पण पंखे द्यायला सरकार आहे, क्लब आहेत, वाढदिवसाला काहीतरी वाटणारे पुढारी आहेत. त्यांच्यापैकी एकाकडेही नाही अशी एक गोष्ट तुमच्याकडे आहे. तुम्हाला सातबारा वाचता येतो.

हसू नका. मला हे कळायला बराच काळ गेला, आणि कळलं तेही अपघाताने.

पाथर्डी फाट्याच्या पुढे मी तेव्हा एक लेआउट पाडत होतो. राखणीला पेठ तालुक्यातलं एक जोडपं पत्र्याच्या खोलीत राहायचं. शेजारच्या साइटवरून सळई चोरीला गेली आणि पोलिसांनी ज्या चार जणांना उचललं त्यात आमचा राखणदारही होता. मी वकील लावून दिला, बारा-तेरा दिवसांत जामीन झाल्याचा फोन आला, आणि माझ्या लेखी प्रकरण मिटलं. नवा राखणदार ठेवला. दिवाळी झाली. एक दिवस त्याची बायको सासूला घेऊन ऑफिसात आली. म्हातारी दारातच बसली. म्हणाली, "शेठ, जामीन झाला म्हणतात ना, मग पोरगा घरी का येत नाही?"

मी वकिलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "जामीन मंजूर झालाय हो. भरला कुठे कुणी?"

पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, एवढाच आदेश होता. पैसे रोख भरायचे नव्हते. ऐपत दाखवणारा एक माणूस कोर्टात उभा राहायला हवा होता. तो मिळाला नाही म्हणून माझा राखणदार चार महिने आत बसून होता. त्या दिवशी माझ्या गाडीच्या डिकीत अकरा सातबारे पडले होते.

जमीन आणि जामीन यांत एका कान्याचा फरक. तुमचं-आमचं सगळं आयुष्य पहिल्या शब्दात गेलं. दुसरा काय असतो, हे घरावर आल्याशिवाय बघायला कुणी जात नाही. तुमच्यावर तो प्रसंग आला होता. वडिलांसाठी जामीनदार उभा करायला तुम्हाला एक फोन पुरला असेल. मी म्हणतोय त्या लोकांकडे तो फोन लावायला माणूस नसतो.

नाशिक रोडच्या तुरुंगाबद्दल गावात दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक. एक, तिथले बंदी गणपतीच्या मूर्ती करतात, पैठणीसुद्धा विणतात. दुसरी, १९३२-३३ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी ही मंडळी तिथे एकत्र होती आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे शिजली. दोन्ही खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण देशभरातल्या तुरुंगांत आज जो माणूस बसलाय तो बहुतेक वेळा कच्चा कैदी असतो, म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचाय असा. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार लोक होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे. चारांत तीन. आणि तुरुंग भरलेले किती, तर शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. पंखा लावाल तो या एकशे एकतीस जणांच्या डोक्यावर. त्यापेक्षा त्यांतले दहा जण घरी गेले तर उरलेल्यांना वारा आपोआप लागतो.

आता जामीनदाराचा कागद नेमका कुठे अडतो ते सांगतो, कारण तुमच्या कामाचं तेच आहे.

कोर्ट जामीनदाराकडे साधारण तीन गोष्टी बघतं : तो कोण, राहतो कुठे, आणि आरोपी पळाला तर रक्कम वसूल होईल एवढी त्याची ऐपत आहे का. ऐपतीसाठी सातबारा, आठ-अ (एका खात्यावरची गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा), घरपट्टीची पावती, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, ज्याला कोर्टात सगळे सॉल्व्हन्सीच म्हणतात. शहरातल्या माणसाला यातलं काही ना काही सापडतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या वाडी-पाड्यांवरून आलेल्या माणसाचं काय होतं ते बघा.

त्याच्या घरी जमीन असते. पण सातबाऱ्यावर नाव असतं आजोबाचं, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. वारस नोंद कुणी केलेली नाही. तीन चुलते ती जमीन कसतात, तिघेही जामीन राहायला तयार, पण कागदावर तिघेही भूमिहीन. दुसऱ्याकडे वनहक्काचा पट्टा असतो. २००६ च्या कायद्याने तो वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. मग कोर्टातला कारकून विचारतो, उद्या वसुलीची वेळ आली तर यातून काय वसूल करायचं? तिसऱ्याची जमीन स्वतःच्या नावावर आहे, पण इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा, आणि तो जमिनीच्या किमतीएवढाच दिसतो. चौथ्याची वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी). त्यात आदिवासी खातेदार असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं : बिगर आदिवासीकडे हस्तांतर करायला परवानगी लागते. त्याचा जामीन राहण्याशी खरं तर काडीचा संबंध नाही, जामीनदार काही जमीन विकत नसतो. पण सातबाऱ्यावरचा तो शेरा बघून टेबलावरचा माणूस कागद परत सरकवतो.

यातलं एकही वाक्य तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाला मात्र लागतं. मी समजावलेलं आहे.

मग मधली जागा कोण भरतं? कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर बसलेले भाड्याचे जामीनदार. देशातल्या बहुतेक कोर्टांबाहेर ही जमात असते. पैसे घेऊन उभे राहतात, एकच कागद वीस ठिकाणी लावतात, कधी कागदच बनावट. घरचे लोक मंगळसूत्र मोडून त्यांना पैसे देतात, आणि कागद खोटा निघाला की पोरगा परत आत. हे आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. एकच प्लॉट चौघांना विकणाऱ्यांची ही चुलत भावंडं.

सुरुवातीला मी काय केलं, तर स्वतःच जामीन राहत सुटलो. शेठचा कागद भक्कम, कोण नाही म्हणणार? आठ-दहा जणांपर्यंत चाललं. मग एका न्यायाधीशांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "आणखी किती जणांचे जामीनदार आहात?" जामीनदाराने हे जाहीर करावंच लागतं, कायद्यात तसं कलम आहे, आणि ते बरोबरच आहे. मी खरं सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं की टपरीवरच्या जमातीत आणि माझ्यात त्यांना फरक दिसला नाही हे मला कळलं. त्याच वर्षी एक पोरगा पळाला. सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला लावून दिला होता, तिसऱ्या तारखेनंतर गायब. मला नोटीस आली, पंधरा हजार भरले. पैशाचं काही नाही, पण घरी मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला ओळखत होतात का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा पहिला नियम : अनोळखी माणसाला सरसकट जामीन राहू नका. जामीनदार त्याच्याच घरातला, त्याच्याच पाड्यावरचा असू दे. पळायला निघालेला माणूस चुलत्याची जमीन आठवून थांबतो. शेठची आठवून थांबत नाही, आणि का थांबावं त्याने? आपलं काम चुलत्याचा कागद नीट करून द्यायचं.

एक उदाहरण जरा नीट सांगतो. सुरगाण्याकडचा एक मुलगा, मारामारीचा गुन्हा, जामीन मंजूर, चुलता तयार. सातबारा आजोबाच्या नावावर. आम्ही दोन कामं बरोबरीने चालवली. कोर्टात अर्ज केला, की चार आठवड्यांसाठी रोख रक्कम भरून सोडा, तोवर जामीनदार आणतो. याला कोर्टात प्रोव्हिजनल कॅश बेल म्हणतात आणि आपल्याकडे ती पुष्कळदा मिळते. रक्कम मी दिली. दुसरीकडे तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, वारस नोंदीचा अर्ज टाकला. आजोबाच्या मृत्यूची नोंद शोधण्यातच तीन चकरा गेल्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात वेगळंच आडनाव लागलेलं. मग प्रतिज्ञापत्र, वारसांचा पंचनामा, फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सगळं मिळून अडीच महिने. चार आठवड्यांची मुदत दोनदा वाढवून घ्यावी लागली. शेवटी चुलत्याच्या नावाचा सातबारा हातात आला, पंधरा रुपयांचा, डिजिटल सहीचा. माणसाने तो उलटा धरला होता, कारण वाचता येत नव्हतं. पण नावावर बोट बरोबर ठेवलं. कुणीतरी दाखवून ठेवलं असणार.

पुढचं मला नंतर कळलं. त्या फेरफारामुळे तिन्ही भावांना पहिल्यांदा सोसायटीचं पीककर्ज मिळालं. आम्ही गेलो होतो एका पोराला सोडवायला; सुटलं घर. तेव्हापासून मी कुठल्याही प्रकरणात आधी सातबारा मागतो, एफआयआर नंतर. वकील मंडळी चेष्टा करतात, करू देत.

कायद्यात गरिबासाठी बरंच काही लिहून ठेवलेलं आहे, ते माहीत करून घ्या, म्हणजे खिशात हात कधी घालायचा आणि कधी नाही ते कळेल. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेला माणूस आठवडाभरात जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन समजून त्याला स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायचं असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७८. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याची सुटका कलम ४७९ मध्ये आहे, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळच पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तरी नाही. ही दुसरी अट कात्रीसारखी आहे, भुरट्या चोरीतली बरीच पोरं तिच्यात सापडतात.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाचा आदेश ईमेलने तुरुंगात पाठवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाच्या) सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि केंद्राची एक योजना आहे, गरीब कैद्यांना साहाय्य. २०२३ मध्ये ती आली तेव्हा मर्यादा अशा होत्या : जामिनासाठी कच्च्या कैद्यामागे ४० हजारांपर्यंत, दंडासाठी शिक्षा झालेल्यामागे २५ हजारांपर्यंत. भ्रष्टाचार, मनी लाँड्रिंग, अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) असले गुन्हे वगळून. म्हणजे पैसा आहे. अडचण अशी, की त्या पैशापर्यंत जाणारा अर्ज कुणीतरी हातात धरून टेबलाटेबलावर न्यावा लागतो. तुम्ही एन.ए.ची, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याची, फाइल नेली असेल ना तशीच. ती फाइल नेणारा चिकाटीचा माणूस तुमच्या ऑफिसात आत्ता बसलेला आहे, आणि आठवड्यातला एक दिवस तो मोकळा असतो. त्याचा तो एक दिवस हीच तुमची पहिली देणगी.

या सगळ्याची गंगोत्री १९७८ च्या एका निकालात आहे, मोतीराम नावाच्या गवंड्याच्या. मध्य प्रदेशातला गरीब माणूस. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी शेवटी हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. गवंडी, भाऊ, दुसऱ्या जिल्ह्यातली जमीन. आपल्या साइटवरचा कुठलाही माणूस घ्या. बिहारचा असेल तर जिल्हाच काय, राज्य वेगळं.

परदेशी उदाहरण मनात धरलंय तर मी जॉन हॉवर्डचं देईन. त्याला माझ्या परीने आपल्याच बिरादरीतला मानतो. १७२६ चा जन्म, वडिलांनी मागे भरपूर ठेवलेलं, इंग्लंडच्या बेडफर्डशरमधल्या कार्डिंग्टन गावात जमीनजुमला. कुळांची मोडकी घरं पाडून नवी बांधायचा त्याला नाद होता. तरुणपणी लिस्बनला निघालेलं त्याचं जहाज फ्रेंच चाच्यांनी धरलं आणि त्याने ब्रेस्टला काही दिवस कैदेत काढले. तुमच्या वडिलांच्या अडीच महिन्यांसारखंच ते त्याच्या मनात राहिलं असावं. १७७३ साली तो जिल्ह्याचा शेरिफ झाला. पद मानाचं. तुरुंग कागदावर शेरिफच्या ताब्यात, पण आत जाऊन बघायची रीत नव्हती. हा गेला.

आत त्याला दिसलं, की निर्दोष सुटलेली माणसंही तिथेच आहेत. कारण? जेलरला पगार नव्हता, तो कैद्यांच्या फीवर जगायचा, आणि सुटताना ती फी भरायला यांच्याकडे पैसे नव्हते. आमच्या म्हातारीचा प्रश्न, अडीचशे वर्षं आधीचा. हॉवर्ड जिल्ह्याच्या न्यायाधीशांना म्हणाला, जेलरला पगार सुरू करा. ते म्हणाले, असं कुठे होत असेल तर दाखला आणा. दाखला शोधायला हा घोड्यावरून शेजारच्या जिल्ह्यांत निघाला. दाखला मिळाला नाही, जिकडेतिकडे तीच फी आणि तीच अडकलेली माणसं दिसली. १७७४ मध्ये पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले, एक अशा सुटलेल्यांना फीशिवाय सोडण्याचा, दुसरा तुरुंगातल्या आरोग्याचा.

त्याची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तुरुंगाचा वास कपड्यांत इतका भरायचा की बंद गाडीत बसवत नसे, म्हणून घोडा. टिपणवहीसुद्धा विस्तवासमोर धरून वारा दिल्याशिवाय वापरता येत नसे. आणि त्या वहीत काय, तर मापं. कोठडीची लांबी-रुंदी-उंची, खिडकी किती, पाणी कुठे, रोजचा पाव किती, जेलरची फी किती. भावना फार थोड्या, मोजणी सगळी. मोजणीवाल्या माणसाचं काम! १७९० साली आजच्या युक्रेनमधल्या खेरसोनला तापाने गेला, तिथेही तुरुंग-दवाखानेच बघत होता.

तुम्हाला कोठड्या मोजायला कुणी आत सोडणार नाही. आत जायची परवानगी आणि पद्धत असते, ती पाळा. पण दिवस मोजता येतात. जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष बाहेर पडल्याची तारीख, दोन रकान्यांची वही ठेवा. मधलं अंतर हेच तुमचं क्षेत्रफळ.

सुटकेच्या दिवसाबद्दल थोडं. बहुतेक लोक संध्याकाळी बाहेर येतात, कागद पोचायला दुपार होते म्हणून. जेलरोडवर दिवे लागलेले, हातात पिशवी, मोबाइल नाही, सुट्टे पैसे असले तर असले. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पोचेपर्यंत पेठ-सुरगाण्याकडची शेवटची गाडी गेलेली असते. माझा राखणदार सुटला त्या दिवशी मी स्वतः गेटबाहेर थांबलो होतो. रिक्षात बसल्यावर त्याने पिशवीतून कागदांची घडी काढली. चार महिन्यांतल्या सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या, एकावर एक, क्रमाने लावलेल्या. वाचता येत नव्हतं तरी क्रम चुकला नव्हता. सगळ्यात वरची माझ्यापुढे धरून म्हणाला, "शेठ, आता कधी यायचं ते यात असंल."

यात सगळं आलं. सुटलेली माणसं पळून जातात असं आपण समजतो. माझ्या वहीत पळालेले दोन. तारीख विसरून, एसटी चुकून, त्या दिवशी भात लावणी होती म्हणून गैरहजर राहिलेले कितीतरी. गैरहजर राहिलं की वॉरंट, वॉरंट निघालं की परत आत, आणि यावेळी जामीन अवघड. आमच्या ऑफिसातली मुलगी तारखेच्या आदल्या दिवशी फोन करते, बसभाडं पाठवते. दुसरं काही नाही. पण माझ्या सगळ्या खर्चात सर्वांत जास्त परतावा या फोनचा आहे. बाय द वे, रोख भरलेली जामिनाची रक्कम खटला संपल्यावर परत मिळते, हे विसरू नका. पावती भरणाऱ्याच्या नावाची घ्या. भांडवल फिरतं राहतं. फक्त फिरायला वर्षं लागतात, त्यामुळे व्याज धरू नका.

शिक्षा भोगून सुटलेल्यांचं वेगळं. त्यांना काम मिळतं. नाशिकमध्ये इतकी बांधकामं चालू आहेत आणि २०२७ च्या कुंभाची कामं त्यात. आत सुतारकी, विणकाम, शिवण शिकलेली माणसं असतात. मिळत नाही ती खोली. भाडेकरूची पोलिसांत नोंद करायची म्हटलं की घरमालक हात आखडतो, सोसायटी तर दारातूनच. अंबडकडे माझ्या एका जुन्या चाळीत मी दोन खोल्या यासाठी ठेवल्यात. भाडं घेतो, कमी पण घेतो. फुकट दिलेल्या खोलीत माणूस पाहुण्यासारखा अंग चोरून राहतो. पोलिसांत नोंद रीतसर करतो. शेजारच्यांनी सुरुवातीला कटकट केली, नंतर त्यांतल्याच एकीच्या दाराची बिजागरी या माणसाने बसवून दिली आणि आवाज बंद झाला. तुमच्याकडे न विकलेले, पडून असलेले गाळे-खोल्या किती आहेत? ते आधी मोजा.

जमीन आणि कैदी यांची आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत धाडसी जोडी बघायची तर आटपाडीला जा. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यांनी स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, कैदी बायका-मुलांसह राहून शेती करणार. संस्थान गेलं, वसाहत राहिली. तेवढं आपल्याच्याने होणार नाही. ते राजाचं काम. पण एकदा बघून या.

कुणाला मदत करायची हा प्रश्न तुम्हाला आठवड्यात पडेल. मी गुन्हा केला का, हे विचारत नाही. कोर्टाने जामीन दिला म्हणजे तो प्रश्न खटल्यापुरता तिथे ठेवला. अपवाद एक : तक्रार घरातल्या बाईची असेल आणि हा परत त्याच घरात जाणार असेल, तर आधी तिच्याशी बोलणं होतं, तिच्या माणसांसमोर. तिला नको असेल तर त्याने दुसरीकडे राहायची सोय होईपर्यंत आम्ही हात लावत नाही. यावरून माझं माझ्या वकिलाशीच भांडण आहे. तो म्हणतो कायद्याने हा आपला अधिकार नाही. नसेल. पैसे माझे आहेत.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. तुमचे वडील जमिनीच्या भांडणात आत गेले म्हणता. त्या भांडणात दुसऱ्या बाजूला कोण होतं? आपल्या धंद्याने किती माणसं आत पाठवली याचा हिशेब मी एकदा मांडला होता. न वाचता अंगठा घेतलेली इसारपावती, म्हाताऱ्याकडून करून घेतलेलं कुलमुखत्यारपत्र, मग ताबा घ्यायला गेलेली पोरं, मग दगडफेक, मग गुन्हा. आणि आत कोण, तर ज्याची जमीन होती त्याचा मुलगा. माझ्या स्वतःच्या दोन जुन्या व्यवहारांत असं घडलं. एकाचं मिटवलं, पैसे देऊन आणि माफी मागून. दुसरा माणूस वारला, त्याच्या घरचे मला दारात उभं करत नाहीत. बराकीत पंखा देऊन त्यावर नाव टाकायचं मन होतं तेव्हा मला ते दार आठवतं. तुमची वही उघडाल तेव्हा पहिलं पान स्वतःच्या व्यवहारांचं करा.

ट्रस्ट आत्ता काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, खाती, ऑडिट हे सगळं पुढे लागेल तेव्हा बघू. आधी वर्षभर हातांनी काम करा. माझा महिन्याचा खर्च गंगापूर रोडच्या एका टू-बीएचकेच्या भाड्याएवढा आहे : एका माणसाचा अर्धा पगार, बसभाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, आणि फिरत्या रोख जामिनाची रक्कम वेगळी. वकिलाची फी शक्यतो देऊ नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे, तो वापरला गेला पाहिजे. त्या वकिलाला झेरॉक्स आणि सातबारा वेळेवर मिळाला तर तो चांगलं काम करतो. बहुतेकदा तेवढंच अडलेलं असतं.

जिल्हा न्यायालय, सीबीएसजवळ. आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जा. मोठी गाडी लांब लावा. सचिवांची वेळ घेऊन सांगा, की जामीन मंजूर होऊनही न सुटलेल्यांपैकी ज्यांचा कागद महसुलात अडलाय अशी पाच प्रकरणं मला द्या. पाचच मागा. पहिल्या दिवशी विश्वास ठेवणार नाहीत, ठेवूही नये. जाताना ऑफिसातला तो फाइलवाला माणूस बरोबर घ्या आणि स्वतःचा आठ-अ खिशात ठेवा. दाखवायला लागणार नाही बहुतेक, पण पाचातलं एखादं प्रकरण त्याच दिवशी सुटण्यासारखं निघतं.

(वर "बाय द वे" लिहिलं गेलं, आमची मुलगी वाचेल तेव्हा हसेल.)